गाडीच्या आधी दोन ट्रॉल्या मुरूम

यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातल्या एका गावात माझं सेवा केंद्र आहे. उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, ई-केवायसी, फार्मर आयडी, सगळं गाव फॉर्म भरायला माझ्याकडे येतं. तरी स्वतःच्या पहिल्या गाडीच्या वेळी मी चार महिने गोंधळलेलो होतो. घरात याआधी चारचाकी कोणीच घेतली नव्हती. बाबांची बंडी (बैलगाडी) आणि माझी मोटरसायकल, एवढीच आमची वाहनं. ज्यांना विचारलं त्यांनी आपापल्या दारात उभी असलेलीच गाडी घ्यायला सांगितली. माझ्यासारखाच कोणी या वाटेवर असेल तर त्याला थोडं सोपं जावं म्हणून जसं घडलं तसं लिहितो.

९ जुलै २०२५. आषाढी होऊन तीन दिवस झालेले, पाऊस लागून होता. रात्री साडेबाराला मायला दम लागला. गावातल्या दोन चारचाक्यांपैकी एक नागपूरला गेलेली, दुसऱ्या गाडीच्या मालकाला उठवून गाडी निघेपर्यंत पाऊण तास गेला. यवतमाळला जायचे त्यानं ३,००० घेतले. त्याबद्दल तक्रार नाही, अशा रात्री गाडी काढली हेच खूप. पण त्या पाऊण तासात माय ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवण्यापलीकडे काही करू शकत नव्हतो. ती चार दिवसांत बरी होऊन घरी आली. बाबा म्हणाले, "शकुंतला होती तवा निदान दिवसा तरी यवतमाळ गाठता येत होतं." ती छोटी रेल्वे बंद पडून किती वर्षं झाली, बाबांच्या बोलण्यातून अजून जात नाही.

सुरुवात मी गाडीपासून केली नाही, लायसन्सपासून केली. माझ्याकडे फक्त दुचाकीचं होतं, चारचाकीचा वर्ग जोडायचा होता. लर्निंग आधारवर घरबसल्या निघतं, १६ जुलैला काढलं. त्यानंतर ३० दिवस झाल्याशिवाय पक्की टेस्ट देता येत नाही. हे तीस दिवस गाडी ठरवण्याच्या काळातच उरकून घ्यावेत, नाहीतर गाडी दारात आणि चालवायला शेजारचं पोट्टं अशी गत होते. ड्रायव्हिंग स्कूलला ४,५०० दिले, आरटीओची फी त्यातच. पंधरा दिवस त्यांच्या जुन्या अल्टोवर शिकलो. २० ऑगस्टला, पोळ्याच्या दोन दिवस आधी टेस्ट पास झालो. चढावर थांबवून परत उचलायला लावली तेव्हा एकदा बंद पडली. साहेबांनी काही लिहिलं, पण पास केलं.

बजेट ठरवलं पाच लाख, तेही सगळं धरून, रस्त्यावर आणून. पहिला डोळा जुन्या गाडीवर होता. तालुक्याला २०१५ ची अल्टो ८०० एक लाख ऐंशी हजारांत होती. नुसती पाहून मी भाळलो. सोबत आमच्या ओळखीचा मेकॅनिक होता, तो म्हणाला, "भाऊ, गाडी वरून नोको पाहू, वाकून पाह्य." त्यानं पुढच्या सीटखालचं मॅटिंग उचललं, तर पत्र्याला गंज आणि गंजावर वाळलेली बारीक माती. गाडी कधीतरी पाण्यात उभी होती. शिवाय एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला तर आरसीवर फायनान्सचा बोजा तसाच. सातबाऱ्यावर बँकेचा बोजा असलेलं वावर आपण घेत नाही, मग गाडी का घ्यायची? तेवढ्यात पेट्रोलमधल्या २० टक्के इथेनॉलची चर्चाही तापली होती. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या त्या हिशोबानं बनतात, २०१५ ची नाही. जुनी गाडी वाईटच असते असं नाही, पण मला जुनी गाडी पारखता येत नव्हती. विषय सोडला.

मग नव्या. यादीत अल्टो के१०, एस-प्रेसो, क्विड आणि टियागो. अल्टो आणि एस-प्रेसो तेव्हा सव्वाचार लाखांच्या आसपास, टियागो पाचला टेकलेली, सगळ्या एक्स-शोरूम, म्हणजे आरटीओ कर आणि विमा सोडून. मी कागद घेऊन बसलो. डिक्की किती लिटर, जमिनीपासून उंची किती मिलीमीटर, ॲव्हरेज किती. चार दिवस असे रकाने भरल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, आजीला विचारलं का?"

नव्हतं विचारलं. जिच्यामुळे गाडी घ्यायची तिलाच नव्हतं विचारलं.

१२ ऑगस्टला मायला आणि बायकोला घेऊन एसटीनं निघालो. दोघींना अर्धं तिकीट, पूर्ण लागलं ते मलाच. पहिल्या शोरूममध्ये सेल्समननं दार उघडलं तर मायनं चपला बाहेर काढून ठेवल्या, देवळात शिरावं तशा. मी म्हटलं, "माय, चपला घालून बसतात." ती म्हणे, "नव्या गाडीत? तुले काही समजते का?" त्या दिवशी ती ज्या ज्या गाडीत बसली, तिथे दाराजवळ तिच्या चपला नीट जोडून ठेवलेल्या.

अल्टोत बसताना तिनं दाराचा वरचा काठ धरला, गुडघे वाकवले आणि मधेच थांबली. "हे तं खड्ड्यात उतरल्यासारखं होते बापू." एस-प्रेसोत चढणं सोपं गेलं, ती गाडी उंच आहे, पण मागे तिघं बसलो की बायकोचा खांदा दारात. क्विडची डिक्की २७९ लिटरची, या चौघींत सगळ्यात मोठी, खताची दोन पोती निवांत मावतील. तिथं मात्र मागे बसलेल्या मायला बाहेर काय दिसतंय ते कळेना. टियागोचं दार लागल्याचा आवाजच वेगळा. बायकोचं मन तिथंच बसलं. तिनं मोबाईलवर पाहून ठेवलं होतं : गाड्या आदळून सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत टियागोला २०२० मध्ये चार तारे, अल्टो के१० ला २०२३ मध्ये दोन, एस-प्रेसोला २०२२ मध्ये एक. "लेकरू यातच बसणार हाय नं?" यावर मला उत्तर नव्हतं. पण मायला त्यातून उतरवायला आम्ही दोघं लागलो.

निघता निघता माय एका वॅगन आरमध्ये सहज बसली. आम्ही ती बघायला गेलोच नव्हतो, पाच लाख ७८ हजारांच्या घरातली गाडी. ती बसली, पाठ टेकली, पाय सरळ केले. "हे कसं, बाजेवर बसल्यावानी वाटते." मी किंमत सांगितली नाही. नुसतं "चला, गाडी निघून जाईन" म्हटलं. म्हणजे एसटी.

कोटेशनबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण आपल्यासारखा माणूस तिथंच फसतो. आम्ही फिरलो त्यातल्या एका शोरूमनं कागदावर फक्त एकच आकडा दिला, "ऑन-रोड". मी फोड मागितली. दोनदा मागितल्यावर मिळाली. त्यात ६,५०० हाताळणी खर्च, १४,९०० चं "बेसिक किट" आणि ९,२०० ची वाढीव वॉरंटी होती. विमा बाहेरून विचारलेल्या भावापेक्षा ६,५०० नं जास्त. हाताळणी म्हणजे काय ते विचारलं, तर सेल्समन हसला आणि त्यानं ती ओळ खोडली. उरलेलंही मी नको म्हटल्यावर गेलं. एकूण ३७,१०० रुपये, फक्त विचारण्याचे. विम्यात एक गोष्ट ठरलेली असते : नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी सक्तीचा आणि १००० सीसीपर्यंत त्याचे तेव्हा ६,५२१ रुपये, कुठेही घ्या तेवढेच. फरक पडतो तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात. तिथंच तीन ठिकाणी भाव विचारायचा. विमा शोरूमकडूनच घ्यायला हवा असं काही नाही.

टियागो घ्यायची असं मी मनात जवळजवळ ठरवलं होतं आणि १५ ऑगस्ट आला. लाल किल्ल्यावरून पंतप्रधान बोलले की दिवाळीपर्यंत जीएसटी कमी करणार. संध्याकाळपासून सेल्समनचे फोन, "भाऊ, पुढं भाव वाढतील, आत्ता बुक करून टाका." इकडे सेवा केंद्रात बसलेले सगळे म्हणत, थांब. मी थांबलो. शहाणपणानं नाही. पैसे तसेही सोयाबीनवर अडलेले होते.

थांबल्या काळात एक काम केलं. आमचं घर गावाच्या टोकाला, डांबरी सुटल्यावर पुढं दीडशे पावलं पांदण. काळी माती, ट्रॅक्टरनं पाडलेल्या दोन चाकोऱ्या आणि मध्ये उंचवटा. गाडीचं पोट घासणार ते त्या उंचवट्यावर. टेप घेऊन मी आणि मुलगी पांदणीत गेलो. दोन्ही चाकोऱ्यांवर आडवी काठी ठेवायची आणि काठीपासून उंचवटा किती वर येतो ते मोजायचं. काठी उंचवट्यालाच अडायला लागली, तेव्हा मुलीनं चाकोऱ्यांत एकेक वीट उभी केली आणि विटांवर काठी ठेवली. सगळ्यात वाईट जागी उंचवटा १६ सेंटिमीटर भरला. कागदावर क्विड १८४ मिलीमीटर, एस-प्रेसो १८०, टियागो १७०. चार माणसं बसली की गाडी आणखी खाली बसते, म्हणजे टियागोचं पोट नक्की लागलं असतं, क्विडचंही सुटलं नसतं. वॅगन आरचा आकडा तर टियागोहून कमी. दोन दिवस मी पुन्हा उंच गाड्यांच्या मागे लागलो.

बाबा बंडीवरून उतरले, विटा पाहिल्या. "काहून मोजून राह्यला?" सांगितलं. ते म्हणाले, "मंग मुरूम टाक नं."

दोन ट्रॉल्या मुरूम, २,८०० रुपये. एका दुपारी पसरवून झाला.

३ सप्टेंबरला जीएसटी कौन्सिलनं निर्णय घेतला आणि २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी तो लागू झाला. छोट्या पेट्रोल गाड्यांवर सेस धरून २९ टक्के होते, ते १८ झाले. एस-प्रेसो साडेतीन लाखांवर आली, अल्टोच्याही खाली. टियागो ४ लाख ५७ हजारांपासून. आणि वॅगन आरचं सगळ्यात खालचं मॉडेल ४,९८,९००. जवळपास ८० हजार उतरले. त्यावर आणखी एक गोष्ट माझ्या आधी लक्षात आली नव्हती. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला आरटीओचा एकरकमी कर ११ टक्के, आणि तो गाडीच्या किमतीवर. किंमत उतरली की करही उतरतो. म्हणजे मिळून ८८ हजारांचा फरक.

२४ सप्टेंबरला ११,००० देऊन वॅगन आर बुक केली. बायको गप्प होती. बसमध्ये म्हणाली, "चार तारे सोडून एक तारा घेऊन राह्यलो आपण." खरं आहे. वॅगन आरला २०२३ च्या त्या चाचणीत एकच तारा होता आणि सांगाडा अस्थिर म्हटला होता. आता सगळ्या मॉडेलमध्ये सहा एअरबॅग आल्या आहेत, पण एअरबॅग वाढल्या म्हणून सांगाडा बदलत नाही, हे मलाही कळतं. मायचे गुडघे, हाकेच्या अंतरावरचा मेकॅनिक आणि मागच्या सीटची जागा, यांना मी जास्त वजन दिलं. हा वाद आमच्या घरात अजून मिटलेला नाही. तुमच्या घरी गुडघ्याचा प्रश्न नसेल तर बायकोचं ऐका.

सीएनजीही सुचवली लोकांनी. आमच्या रोजच्या वाटेवर पंप नाही आणि सिलिंडर डिक्की खाऊन टाकतो. इलेक्ट्रिक बजेटच्या बाहेर.

पावसानं सोयाबीनच्या शेंगांतच कोंब आणले. हमीभाव ५,३२८, आमचा डागी माल ३,६०० नं गेला. तीन लाख कर्ज घ्यायचं ठरवलं होतं, ते चार लाख झालं. बँकेत तीन वर्षांचे आयकर विवरण, सहा महिन्यांचं स्टेटमेंट, कोटेशन, सातबारा, आठ-अ, फोटो असं सगळं एका फाईलीत नेलं. असली फाईल लावणं हा माझा धंदाच. ६ ऑक्टोबरला साहेबांनी कॉम्प्युटरवर पाहिलं आणि म्हणाले, "तुमचा सिबिल ६६१ आहे. नाही होणार."

मी आयुष्यात कोणाचा रुपया बुडवला नाही. घरी येऊन सिबिलचा, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासाचा रिपोर्ट काढला (वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, पैसे भरू नका). त्यात एक ट्रॅक्टरचं कर्ज. माझं नाही, चुलतभावाचं. २०२१ मध्ये मी जामीनदार म्हणून सही केली होती, पाच मिनिटांत, चहा पिता पिता. दोन हप्ते थकलेले, ३८,४०० रुपये.

त्याच्याकडे गेलो आणि अर्धा तास बसलो, बोलता येईना. शेवटी त्याची बायकोच म्हणाली, "भाऊजी, हप्त्यासाठी आले काय?" तो सोयाबीनची वाट पाहत होता, जशी मी पाहत होतो. त्या आठवड्यात त्यानं सीतादही (कापूस वेचणीच्या सुरुवातीची पूजा) केली, पहिला वेचा सहा क्विंटल निघाला. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११०, पण सीसीआयकडे (सरकारी कापूस खरेदी) जायचं तर ॲपवर नोंदणी, स्लॉट, ओलाव्याची अट. त्यानं खासगीत ६,७०० नं विकला आणि १८ ऑक्टोबरला, धनतेरसच्या दिवशी दोन्ही हप्ते भरून पावती माझ्या मोबाईलवर पाठवली. सोबत एक शब्द नाही. माझ्या गाडीच्या कागदासाठी त्याचा कापूस क्विंटलमागं हजाराहून जास्त पाडून गेला, हे मी हिशोबात कुठं लिहू ते मला समजत नाही. त्याच्या पोरांच्या शाळेचे, दवाखान्याचे फेरे आता मीच करतो, पण ते वेगळं.

गाडी ठरवायच्या आधी रिपोर्ट काढा. शोरूमला जायच्याही आधी. जानेवारी २०२५ पासून बँकांना माहिती दर पंधरा दिवसांनी पाठवावी लागत होती, म्हणून ३ नोव्हेंबरला माझा आकडा सुधारलेला दिसला. पूर्वी याला महिना-दीड महिना लागला असता. ६ तारखेला मंजुरी आली. बँकेनं सात वर्षं सुचवली, हप्ता ६,४३६. मी पाच घेतली, ९ टक्क्यांनी हप्ता ८,३०३. पाच वर्षांत व्याज ९८ हजार, सात घेतली असती तर १ लाख ४० हजार. प्रोसेसिंगचे २,३६० आणि स्टॅम्पचे वेगळे.

शेवटचा हिशोब असा बसला : गाडी ४,९८,९००, आरटीओ कर ५४,८७९, नोंदणी आणि बँकेचा बोजा चढवण्याचे मिळून २,४००, विमा २४,५००, फास्टॅग ५००. एकूण ५,८१,१७९. पाच लाखांत काही बसलं नाही, ८१ हजारांनी पुढं गेलो. त्यातले ५० हजार बायकोच्या भिशीचे. मॅट आणि मडफ्लॅप तालुक्याला १,८०० ला घेतले.

फॉर्म २० वर (गाडीच्या नोंदणीचा अर्ज) सही करताना नाव आणि पत्ता अक्षर न अक्षर वाचा. माझ्या नावात एक स्पेलिंग चुकलं होतं, जागच्या जागी दुरुस्त झालं. आरसी छापून आली असती तर नुसत्या खेटा. शोरूमनंच ऑनलाइन कागद चढवले, चौथ्या दिवशी एमएच २९ चा नंबर पडला, प्लेट लागल्यावरच गाडी बाहेर निघाली. कर्ज फिटलं की बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन बोजा उतरवावा लागतो, तो आपोआप उतरत नाही. त्या २०१५ च्या अल्टोवाल्याचं तेच राहिलं असावं.

१३ नोव्हेंबरला गाडी घेतली. नवशिक्या हातानं दारव्हा गाठायचं म्हणून ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांना पाचशे देऊन सोबत घेतलं होतं, ते पुढं, मागं माय, बायको, मुलगी. लिंबू चाकाखाली गेलं. पूर्ण वाट मी चाळीसच्या वर गेलो नाही, मागून ट्रकवाल्यांनी किती हॉर्न दिले त्याला गणती नाही. आधी धामणगाव देवला मुंगसाजी महाराजांच्या दर्शनाला थांबलो. मी दार उघडलं, मायनं दोन्ही पाय बाहेर काढले, कोणाचा हात न धरता उभी राहिली आणि खाली पाहू लागली.

पायांत काही नव्हतं. चपला शोरूमच्या दारात, जोडून ठेवलेल्या.